उतरवताना बदललेलं अक्षर

माझी मुलगी चार महिन्यांची असताना पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "हिचे हात जरा आखूड वाटतात का गं?" तेव्हा मी वर्ध्याला माहेरी होते. म्हणणारी माझी आत्या होती आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती बाळाला तेल लावत होती. तेल लावणाऱ्या बाईच्या हातांना अशा गोष्टी डोळ्यांच्या आधी कळतात. मग तिने दुसरा प्रश्न विचारला आणि तो मात्र पुढे आठ-नऊ वर्षं माझ्या मागे लागला. "पोटुशी होतीस तेव्हा ग्रहण पाळलं होतंस ना?"

पाळलं नव्हतं. त्या दिवशी मी विळीवर वांगी चिरली होती, हेही मला लख्ख आठवत होतं. आमचं घर बौद्ध. ग्रहण, नवस, उतारे, सगळं आजोबांच्या पिढीतच सुटलेलं. पण घरातून गेलेल्या भीत्या पूर्णपणे जात नाहीत, स्वयंपाकघरात कुठेतरी मागे राहतात. मी बी.एस्सी. झालेली, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई, आणि तरीही लेकीला मांडीवर घेतलं की मला ती वांगी दिसायची.

ती वाढत गेली, पण उंची वाढेना. डोकं, धड, बुद्धी, बोलणं सगळं वयाप्रमाणे. हात-पाय तेवढे मागे राहिले. कपाळ मोठं, आणि त्या कपाळाखाली दोन अतिशय चौकस डोळे. नातेवाईक भेटले की मुलांकडे बघून म्हणतात तसं म्हणायचे, "कोणावर गेली गं ही?" आणि मग प्रश्न विचारून चुकलो असं वाटून गप्प बसायचे. माझ्या नवऱ्याच्या घरात सगळे उंच. माझ्या घरात सगळे बऱ्यापैकी उंच. ती कोणावरच गेली नव्हती.

ती आठ वर्षांची असताना नवऱ्याची बदली जयपूरला झाली. ते रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. आम्हाला रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं, मला एका खासगी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि तिथेच तिला तिसरीत घातलं. सासरेही आमच्याबरोबर आले. त्यांना मी मामाजी म्हणायची, आमच्या भागात तसंच म्हणतात. रुळांच्या देखभालीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते कमी बोलायचे, नातीशी सोडून.

क्वार्टरमध्ये तोडफोड करायची नसते. पण आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याने सगळ्या दिव्यांची बटणं कमरेइतकी खाली आणली. बेसिनसमोर, ओट्यासमोर, आरशासमोर एकेक लाकडी पायरी करून ठेवली. कडा गोल घासलेल्या, घसरू नये म्हणून वर रबर मारलेलं. त्यांनी कधी यावर काही बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना बटणं सापडायची नाहीत आणि मुलगी हसत सुटायची.

जयपूरला आल्याच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या इस्पितळात आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं. तोवर आम्हाला "हाडांची वाढ कमी आहे" यापलीकडे कोणी काही नीट सांगितलं नव्हतं. बाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी आमच्या दोघांच्या घरच्या माणसांचा तक्ता काढला, मुलीला टेबलावर बसवून तिचे हात पाहिले, तिच्याशी गप्पा मारल्या. मग एक कागद घेऊन त्यावर ओळीने अक्षरं लिहिली.

"समझिए कि एक पोथी है," त्या म्हणाल्या. "करोड़ों-अरबों अक्षरों की. हर बच्चे के लिए नए सिरे से उतारी जाती है. उतारते-उतारते कहीं एक अक्षर बदल गया. बस एक." त्यांनी एका अक्षरावर पेन ठेवलं.

"क्यों बदल गया?" मी विचारलं.

"कोई क्यों नहीं है. बदलते रहते हैं. आपमें भी बदले हैं, मुझमें भी. ज़्यादातर का पता ही नहीं चलता. इसका चल गया."

"मैंने कुछ..." वांग्यांचं कसं सांगायचं?

त्यांना ते कळलं असावं. रोज कितीतरी आया त्यांच्यासमोर बसत असतील. "किसी की गलती नहीं है. ना आपने कुछ खाया, ना कुछ किया, ना कुछ देखा. बस, हो गया."

बस, हो गया. मी हे तीन शब्द बारावीच्या मुलांना दरवर्षी वेगळ्या, जड भाषेत शिकवत होते. त्या दिवशी ते कोणीतरी माझ्यासाठी सांगितले. एक्स-रे काढायला मुलीला खालच्या मजल्यावर न्यायचं होतं, मी तिला घेऊन गेले, नवरा वरच थांबला. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी रडले. मुलगी म्हणाली, "आई, सुई नाहीये, फक्त फोटो आहे." तिला वाटलं मी घाबरलेय.

घरी येऊन मी मामाजींना सगळं सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसले होते. म्हटलं, नियम असा की नियमच नाही. योगायोगाने होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला हे कोरडं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग हे मागच्या जन्माचं नाही."

"नाही."

"कोनाच्या पापाचं नाही."

"नाही, मामाजी."

"तं चांगलं झालं नं," ते म्हणाले. "आमच्या बापाले, त्याच्या बापाले हेच सांगलं लोकायनं. मागच्या जन्मी तुमी काही केलं असन म्हनून या जन्मी असे. या एका गोष्टीवर हजार वर्सं बसवून ठेवलं खाली. माह्या नातीले तरी कोनी तसं म्हनू नये." आणि त्यांनी नातीला हाक मारली, तिच्या हातात खारे शेंगदाणे दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी जयपूरमधल्याच झोटवाड्याला एका सायबर कॅफेत गेले. शाळेचं काम होतं, पण ते झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं तिच्या अवस्थेचं नाव टाकून वाचत बसले. तिथे एक ओळ अशी होती की हा बदल नव्याने होतो तेव्हा तो बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूने आलेला असतो, त्यांचं बीज तयार होताना झालेला. मी ती ओळ तीनदा वाचली. आठ-नऊ वर्षं मी स्वतःला विळीवर धरलं होतं. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली. घरी आले तेव्हा नवरा बेसिनसमोरच्या पायरीचं सुटलेलं रबर चिकटवत होता. मी काही बोलले नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. त्यांना कशाला सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

ती सहावीत गेली तेव्हा आमच्या सुटण्याच्या वेळा जमेनाशा झाल्या. तिचा वर्ग एक तास आधी सुटायचा. मग ती माझ्या बारावीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन चित्र काढत बसायची. मुलं तिला ओळखत होती, लाड करायची. त्या दिवशी मी उत्क्रांती शिकवत होते. उत्परिवर्तन म्हणजे काय, तर डीएनएची नक्कल होताना होणारी चूक. कोणती चूक कुठे होईल, याला काही हेतू नसतो. पुस्तकातल्या उदाहरणांच्या बाजूला मी दरवर्षी स्वतःचं एक उदाहरण देत असे, हाडांच्या वाढीचं. त्या दिवशी ते गाळलं. सिकलसेलचं दिलं आणि पुढे गेले.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. चौमूंहून रोज बसने यायची, अभ्यासात चांगली, फार गंभीर चेहऱ्याची. तिने विचारलं, "मैम, दादी कहती हैं चौरासी लाख योनियों के बाद इंसान का जनम मिलता है. और आप कह रही हैं गलतियाँ होती गईं और हम बन गए. तो हम सब एक्सीडेंट हैं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी तिला पुस्तकी उत्तर दिलं: बदल हेतूशिवाय होतात, पण त्यातले कोणते टिकतील हे योगायोगाने ठरत नाही, परिस्थिती निवडते, त्यामुळे निव्वळ अपघात म्हणता येणार नाही. तिने वहीत लिहून घेतलं आणि खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, हे मला दिसलं. घंटा झाली.

माझी मुलगी अकरा वर्षांची होती, तरी माझ्या स्कूटीवर पुढे उभी राहायची, हँडलच्या मधोमध हात ठेवून. तिला तेच आवडायचं, रस्ता दिसायचा. त्यामुळे बोलताना मला तिचा चेहरा दिसत नसे, फक्त वेण्या. फाटकापाशी मालगाडीसाठी थांबलो होतो.

"आई," ती पुढे बघतच म्हणाली, "मी पण मिस्टेक आहे का? मतलब, कॉपी करताना झालेली?"

डबे जात राहिले. इतकी वर्षं हा विषय शिकवणारी मी. शेवटी म्हटलं, "घरी जाऊन बोलू." फाटक उघडलं. घरी आल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. दप्तर ठेवलं, आजोबांच्या खाटेवर बसून गृहपाठ काढला.

संध्याकाळी नवरा आल्यावर चहा टाकता टाकता मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. ते कपडेही न बदलता बाहेर अंगणात गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते नेहमी खाली बसत.

"तुला त्या डॉक्टर आंटी आठवतात? पोथीवाल्या?"

"हो. एक अक्षर बदललं."

"तू आणि आई एक्स-रेला गेला होतात ना, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, ते अक्षर बदललं कुठे. बघ, अर्धी पोथी आईकडून येते, अर्धी पप्पांकडून. त्या म्हणाल्या, बहुतेक करून हे पप्पांच्या अर्ध्या भागात होतं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मुलगी म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. दोन वर्षं झाली."

"मग चूक तुम्ही केली?"

"मी केली नाही. माझ्यात झाली. मला कळलंसुद्धा नाही." ते तिच्या आणखी जवळ सरकले. "तुझा हात कुठे पोचला नाही की मला वाईट वाटतं. तू झालीस याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही."

खाटेवरून मामाजी म्हणाले, "चूक चूक काय लावून रायले रे तुमी? चूक कवा म्हनावं? कोनी काही ठरवून देल्लं आन त्याच्या उलट झालं, तं चूक. येथं कोनी ठरवलंच नव्हतं, तं चूक कायची? वेगळं झालं म्हना."

माझ्या सगळ्या पदव्यांना जे त्या दुपारी सुचलं नव्हतं, ते हे होतं. पण मुलगी आजोबांकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे हे तुमच्याकडून आलं."

"बहुतेक."

"मग मी पप्पांवर गेलेय," ती म्हणाली. तक्रारीच्या नाही, शोध लागल्याच्या आवाजात. "आई, मी पप्पांवर गेलेय. सगळे विचारतात ना."

तिला इतकी वर्षं तो प्रश्न ऐकू येत होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतरची शांतताही ऐकू येत होती. नवरा हसायला लागला, चष्मा काढून शर्टाने पुसत राहिला. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तो खाली बसला की दोघांची उंची सारखी व्हायची.

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना मी त्यांना म्हटलं, "मलाही माहीत होतं. मी वाचलं होतं."

ते थांबले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"भीती वाटली," ते म्हणाले. "तू काही म्हणाली नसतीस. पण एकदा तरी माझ्याकडे तसं बघितलं असतंस."

खोटं नव्हतं ते. सायबर कॅफेतून परतताना मी बघितलंच होतं तसं, एकदा. ते मी त्यांना सांगितलं. मग ग्रहणाचं आणि वांग्यांचंही सांगितलं, लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर. त्यांनी हातातलं पातेलं पुसून जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "वेडी आहेस तू." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी उठून चहा त्यांनी केला, आणि तो फार गोड झाला होता.

वर्गात मी त्या चौमूंच्या मुलीला उभं केलं. म्हटलं, "कल मैंने तुम्हें आधा जवाब दिया था." मग सगळ्या वर्गाला सांगितलं की हो, माणूस व्हावा असं कोणी ठरवलं होतं, याचा पुरावा माझ्या विषयात नाही. बदल झाले, काही टिकले, त्यातून मासे झाले, माकडं झाली, आपण झालो. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर आपण असूच, याची खात्री नाही. पण ठरवलेलं नसणं म्हणजे चुकीचं असणं नव्हे. चूक व्हायला आधी बरोबर काय ते कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. इथे तसं लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात चूक हा शब्द आहे, परीक्षेत तोच लिहा, पण मनात बदल म्हणा. आणि मग गाळलेलं उदाहरणही दिलं. माझ्या मुलीची परवानगी मी सकाळीच घेतली होती. ती म्हणाली होती, "दे. पण पप्पांचं नको सांगूस, त्यांना शरम वाटेल."

चौमूंची मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. "मैम, दादी को क्या बताऊँ?"

"कहना, एक बात में दोनों एक हैं. इंसान होना बड़ी मुश्किल से हाथ आता है."

ती पहिल्यांदा हसली. आजीला तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही. पुढे ती नर्सिंगला गेली असं ऐकलं.

माझी मुलगी चौदा वर्षांची झाल्यावर एका हाडांच्या डॉक्टरांनी पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. हाड कापून बाहेरून सळ्या लावायच्या, रोज थोडं थोडं ताणायचं. दीड-दोन वर्षं जातील, दुखेल. मी आणि नवरा आठवडाभर त्यावर बोललो, ठरेना. शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारलं. तिने उलट त्यांना विचारलं, "लंबी होकर क्या-क्या कर पाऊँगी?" ते म्हणाले, बस में चढ़ना, ऊपर से सामान उतारना, ऐसे काम. तिने विचार केला. "इतने काम के लिए दो साल बहुत हैं," ती म्हणाली. आम्ही तिचं ऐकलं. ते बरोबर केलं की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. काही वेळा ती फार दमून घरी यायची आणि तेव्हा मला त्या डॉक्टरांची खोली आठवायची.

बारावी झाल्यावर तिने सीतापुऱ्याच्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका कॉलेजात प्रवेश घेतला. स्कूटीने सोडते म्हटलं तर नाही म्हणाली. पहिल्या दिवशी मी नुसती बसस्टॉपपर्यंत गेले. कारखान्यांत जाणाऱ्या माणसांची गर्दी होती. बसची पायरी तिच्या मांडीइतकी उंच. कंडक्टरने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे दप्तर दिलं, दांडा धरला, आधी गुडघा टेकवला, मग दुसरा पाय ओढून घेतला. आत गेल्यावर ती मला दिसेनाशी झाली, कारण खिडक्या तिच्या डोक्याच्या वर होत्या. मग एका खिडकीतून फक्त हात बाहेर आला, हलला आणि बस निघाली. मी घड्याळ बघितलं आणि स्कूटी वळवली. माझा पहिलाच तास होता.